एका डोंगराचे पाणी, दोन समुद्र : कोकण आणि कोरोमंडल

#थ्रेड #इतिहास

१/
महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात दगडी गोमुखातून अखंड पाणी पडत असते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे मूळ तेथे एकत्र आहे, अशी श्रद्धा आहे. यांतील सावित्री पश्चिमेचा कडा उतरते आणि अवघ्या शंभरेक किलोमीटरांत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. कृष्णा मात्र पूर्वेला वळते. तिच्या उगमापासून अरबी समुद्र जेमतेम ६५ किलोमीटरांवर आहे. तरीही ती सुमारे १,४०० किलोमीटर चालून आंध्रातील हंसलदीवी येथे बंगालच्या उपसागराला मिळते.

२/
एकाच डोंगरावर पडलेल्या पावसाच्या या दोन वाटा भारताच्या दोन किनाऱ्यांचा इतिहास सांगतात. एकीकडे कोकण, दुसरीकडे कृष्णेच्या मुखापासून कावेरीच्या मुखापर्यंतचा कोरोमंडल, म्हणजेच चोळमंडल. एका किनाऱ्यावर खडक, खाड्या आणि जलदुर्ग. दुसऱ्यावर वाळू, भातशेती आणि कापड. हा फरक भूमीने घडवला की माणसांनी, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

३/
प्रथम भूमी. दख्खनचे पठार पश्चिमेला उंच आणि पूर्वेला उतरते आहे. त्यामुळे द्वीपकल्पातील गोदावरी, कृष्णा आणि कावेरी या मोठ्या नद्या पश्चिम घाटात जन्मतात आणि पूर्वेला जातात. वाटेत जमलेला गाळ त्या किनाऱ्यावर पसरतात. त्यातून पूर्वेचे विस्तीर्ण, सपाट त्रिभुज प्रदेश तयार झाले. कोकणच्या नद्यांना तेवढी वाटही नाही आणि वेळही नाही. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या डोंगरावरून धावत सुटतात आणि मुखाशी गाळाची मैदाने न करता समुद्राचे पाणी आत घेतात. त्यांच्या त्याच खाड्या.

४/
भरती-ओहोटीतही असाच फरक आहे. मुंबईला मोठ्या भरतीच्या दिवशी पाण्याच्या पातळीतील अंतर चार-पाच मीटरांपर्यंत जाते. चेन्नईला ते साधारण एक मीटरच्या आसपास राहते. म्हणून कोकणात समुद्र दिवसातून दोनदा गावात शिरतो आणि परततो. भरतीबरोबर होडी आत आणावी, ओहोटीबरोबर बाहेर न्यावी, बांध घालून खाजणात भात पिकवावे, खाऱ्या पाण्यावर मिठागरे उभारावीत, असे तेथील जगणे भरतीच्या वेळापत्रकाला बांधले गेले. कोरोमंडलवर नजर जाईल तिथपर्यंत सरळ वाळूचा किनारा आणि त्यावर एकामागून एक फुटणाऱ्या लाटा.

५/
पाऊसही वेगळा. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडतात आणि ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत कोकणाला झोडपून काढतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. डोंगराच्या पलीकडे तो झपाट्याने कमी होतो. चेन्नईला वर्षाकाठी सुमारे चौदाशे मिलिमीटर पाऊस मिळतो आणि त्याचा मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. कोकणात भात कापणीला येते, तेव्हा तमिळ किनाऱ्यावर पावसाळा सुरू होतो.

६/
म्हणजे दोन्ही समुद्रांची दारे वेगवेगळ्या वेळी बंद होतात. कोकणात जूनपूर्वी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून पुन्हा पाण्यात उतरायचे. कोरोमंडलवर धोका आश्विन-कार्तिकात. बंगालच्या उपसागरात अरबी समुद्राच्या सुमारे चौपट चक्रीवादळे होतात आणि त्यांतील भीषण वादळे बहुधा याच सुमारास येतात. हे साधे वेळापत्रक पुढे साम्राज्यांच्या आरमारांनाही पाळावे लागले.

७/
प्राचीन काळी हे दोन्ही किनारे एका राजवटीखाली आले, ते सातवाहनांच्या काळात. यज्ञश्री सातकर्णीचे शिलालेख पश्चिमेला कान्हेरी आणि नाशिक येथे आहेत, तसेच पूर्वेला आंध्रच्या किनाऱ्याजवळ चिन्नगंजाम येथेही आहेत. सातवाहनांची जहाजाचे चित्र असलेली नाणी मात्र मुख्यतः पूर्व किनाऱ्याच्या प्रदेशात सापडली आहेत. नाणेघाटाची वाट ज्या राजघराण्याच्या नावाशी जोडली गेली, त्याचे जहाज पूर्वेच्या नाण्यावर तरंगते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

८/
इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात सोपारा, कल्याण आणि चौल ही पश्चिमेची बंदरे आहेत. पूर्वेचे पोदुके आहे आणि तलम वस्त्रांसाठी नावाजलेला मसालिया हा प्रदेशही आहे. पोदुके म्हणजे पुदुच्चेरीजवळचे अरिकामेडू असे मानले जाते. १९४५ साली मॉर्टिमर व्हीलरने तेथे उत्खनन केले, तेव्हा भूमध्य समुद्राकडून आलेली मातीची भांडी हाती लागली. दोन्ही किनारे एकाच जागतिक व्यापारात होते. त्यांच्या भूमिका मात्र निराळ्या होत्या.

९/
पश्चिम किनारा हे दार होते. घाटावरचा माल नाणेघाट, बोरघाट अशा वाटांनी खाली उतरे आणि बंदरातून अरबस्तान, इराणकडे जाई. या वाटांच्या आसपास कार्ले, भाजे, कान्हेरी अशी लेणी कोरली गेली. सावित्रीच्या खोऱ्यातही महाडजवळ गांधारपाले येथे बौद्ध लेणी आहेत. बेसॉल्टच्या कठीण खडकाने कारागिराला कोरायला शिकवले. कृष्णेच्या खालच्या खोऱ्यात अमरावतीला त्याच धर्माने चुनखडकाच्या शिल्पपट्टांनी मढवलेला महास्तूप उभारला. श्रद्धा एकच होती, पण एकीकडे ती डोंगरात कोरली गेली आणि दुसरीकडे सपाटीवर रचली गेली.

१०/
पूर्व किनारा नुसते दार नव्हता. तो भरलेला कोठारही होता आणि कारखानाही. कावेरीच्या भातावर चोळांचे राज्य उभे राहिले. राजराजाने १०१० च्या सुमारास तंजावरचे बृहदीश्वर मंदिर पूर्ण केले. त्याचा पुत्र राजेंद्र याच्या आरमाराने १०२५ च्या सुमारास समुद्र ओलांडून श्रीविजयाच्या बंदरांवर स्वारी केली. सुपीक त्रिभुज प्रदेशाचा महसूल हाती असल्याखेरीज असे मंदिर आणि अशी मोहीम दोन्ही पेलणे कठीण होते. कोकणात अशा मोठ्या साम्राज्याची राजधानी कधी फार काळ टिकली नाही. तेथे सत्ता बंदरातील जकातीवर आणि घाटवाटांवर जगली.

११/
सतराव्या शतकात युरोपीय कंपन्या पूर्वेला गेल्या, त्या कापडासाठी. मच्छलीपट्टणम येथे डच १६०५ मध्ये आणि इंग्रज १६११ मध्ये आले. रंगवलेले, छापलेले सुती कापड आग्नेय आशियात नेऊन त्याच्या बदल्यात मसाले घ्यायचे, असा तो हिशेब होता. १६२० मध्ये डॅनिश लोकांनी तरंगमबाडीला किल्ला बांधला. १६३९ मध्ये इंग्रजांना मद्रासची जागा मिळाली. कापड स्वस्त आणि विणकर जवळ, एवढे पुरेसे होते. त्या जागी नैसर्गिक बंदर नव्हते, तरीही शहर उभे राहिले.

१२/
बंदर नसणे म्हणजे काय, हे मद्रासला पिढ्यानपिढ्या भोगावे लागले. जहाजे खोल पाण्यात नांगर टाकीत. तेथून माणसे आणि माल फुटत्या लाटांतून मसुला नावाच्या नावांनी किनाऱ्यावर येई. या नावांत खिळा नसे. फळ्या काथ्याने शिवलेल्या असत. त्यामुळे लाटेच्या तडाख्याने त्या लवत, पण फुटत नसत. ओंडके एकत्र बांधून केलेले कट्टुमरमही तेथे वापरात होते. 'कट्टु' म्हणजे बांधणे आणि 'मरम्' म्हणजे लाकूड. कॅटमरान हा शब्द जगभर गेला तो येथूनच.

१३/
१७४६ च्या सप्टेंबरात फ्रेंच नौदलाधिकारी ला बूर्दोने याने मद्रास जिंकले. पण १३ ऑक्टोबरच्या रात्री वादळ उठले आणि उघड्या समुद्रात उभ्या असलेल्या त्याच्या आरमाराची दाणादाण उडाली. इंग्रजांना जे जमले नाही, ते वाऱ्याने एका रात्रीत केले. १७८२ मध्ये फ्रेंचांशी लढून झाल्यावर इंग्रज नौसेनापती ह्यूज याने मोसमाच्या तोंडावर आपली जहाजे आसऱ्यासाठी व दुरुस्तीसाठी मुंबईला नेली. पूर्वेचे युद्ध पश्चिमेच्या बंदराच्या आधाराने लढावे लागत होते.

१४/
मुंबईकडे नेमके तेच होते, जे मद्रासकडे नव्हते : बेटांच्या आडोशाचे खोल, सुरक्षित पाणी. १६६८ मध्ये ही बेटे वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला मिळाली. १७३६ मध्ये सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया मुंबईत आले आणि मलबारी सागाची जहाजे येथे बांधली जाऊ लागली. मद्रासचे कृत्रिम बंदर १८७० च्या दशकात हाती घेतले गेले. ते पूर्ण होत आले असता १८८१ च्या वादळाने त्याची मोडतोड केली आणि पुन्हा बांधावे लागले.

१५/
याच पश्चिम भूगोलाने मराठी आरमार घडवले. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांना खाड्यांचे मोल स्पष्ट दिसले. १६६४ मध्ये मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी झाली. उथळ पाण्यात चालणारी गलबते आणि गुराबा खाडीत लपत व संधी साधून बाहेर पडत. युरोपीयांची जड जहाजे त्यांच्यामागे आत शिरू शकत नसत. खडकाळ बेट आणि उथळ खाडी, ही या आरमाराची दोन शस्त्रे होती. मात्र तोच खडक शत्रूलाही उपयोगी पडे. जंजिऱ्याचा सिद्दी अखेरपर्यंत हाती आला नाही.

१६/
पूर्व किनाऱ्यावर मराठे पोहोचले, ते पठारावरून. व्यंकोजीराजांनी १६७०च्या दशकात तंजावर घेतले. १६७७ मध्ये शिवाजी महाराजांनी जिंजी जिंकली. १६८९ मध्ये छत्रपती राजाराम महाराज महाराष्ट्रातून निसटून जिंजीला आले आणि काही वर्षे मराठी राज्याचे सिंहासन सह्याद्रीत नव्हे, तर कोरोमंडलच्या पाठीशी होते. येथे त्यांच्याजवळ बळकट डोंगरी किल्ला होता. सिंधुदुर्गासारखा जलदुर्ग नव्हता आणि आरमारही नव्हते.

१७/
या फरकाची किंमत एका व्यवहारात दिसते. १६९० मध्ये मोगलांशी झुंजताना पैशाची निकड असलेल्या मराठ्यांनी कडलूरजवळचा देवनामपट्टणमचा किल्ला इंग्रजांना विकला. त्याच्या हद्दीची रीत विलक्षण होती. किल्ल्यावरून तोफ डागायची आणि गोळा पडेल तिथपर्यंतची गावे इंग्रजांची. हाच पुढे फोर्ट सेंट डेव्हिड झाला. १७४६ मध्ये मद्रास गेल्यावर कंपनीने कोरोमंडलवरचा कारभार याच किल्ल्यातून चालवला.

१८/
त्या वेळी महाराष्ट्रात राज्य सांभाळणाऱ्या रामचंद्रपंत अमात्यांनी पुढे 'आज्ञापत्र' लिहिले. टोपीकरांना समुद्रकाठी वा खाडीच्या तोंडावर वखारीस जागा देऊ नये, असे त्यात बजावले आहे. आरमारासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत, हेही त्यात आहे. हे शहाणपण कोकणच्या किनाऱ्यावर शिकलेले होते. पण धोरण कळणे आणि ते पाळण्याजोगी परिस्थिती असणे, या दोन गोष्टी भिन्न असतात. पुढे खुद्द कोकणातही पेशवे आणि इंग्रज यांनी मिळून आंग्र्यांचे आरमार मोडले. १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला आणि सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट इंग्रजांकडे राहिले.

१९/
तंजावरच्या मराठ्यांनी मात्र त्या भूमीला आपलेसे केले. सरफोजी दुसरे यांच्या काळात सरस्वती महाल ग्रंथालय बहरले. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांच्या वंशाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरला गेला. नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ समुद्रकाठी मनोरा नावाची बहुमजली वास्तू उभी राहिली. पण राज्याचा कारभार १७९९ पासूनच कंपनीच्या हाती होता. समुद्राकडे तोंड केलेला तो मनोरा दुसऱ्याच्या विजयाचे स्मारक होता.

२०/
येथवर वाचून वाटेल की सारे भूगोलानेच ठरवले. पण पूर्वेची 'नैसर्गिक' समृद्धी तपासून पाहावी. १८३२-३३ च्या दुष्काळात कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशालगतच्या गुंटूर भागात लाखाहून अधिक माणसे मेली. नदी दाराशी होती, पण पाणी शेतात पोहोचत नव्हते. आर्थर कॉटनच्या योजनेनुसार गोदावरीवर धवलेश्वरमचा बंधारा १८५२ मध्ये आणि त्यापाठोपाठ कृष्णेवर विजयवाड्याचा बंधारा १८५५ मध्ये पुरा झाला. त्यानंतर हा प्रदेश भाताचे कोठार बनला. कावेरीवरचे कल्लणै धरण प्राचीन काळापासून हेच सांगत होते : गाळ नदी देते, पण पीक कालवा देतो.

२१/
समृद्धी आली तरी समुद्राचा धाक गेला नाही. १ नोव्हेंबर १८६४ च्या वादळात लाटांनी मच्छलीपट्टणम बुडवले आणि सुमारे ३०,००० माणसे दगावली. १९ नोव्हेंबर १९७७ ला कृष्णेच्या मुखाजवळच्या दिवीसीमेवर चक्रीवादळ आले आणि दहा हजारांच्या वर बळी घेऊन गेले. ज्या सपाटीने भात दिले, तिनेच लाटेला वाट दिली. कोकणातल्या माणसाच्या पाठीशी डोंगर असतो. येथल्या माणसाला चढून जाण्यास उंचवटा नव्हता.

२२/
आता कोकणचे दारिद्र्यही तपासावे. पाऊस भरपूर, पण उतार तीव्र आणि जांभा दगड सच्छिद्र. म्हणून श्रावणात ओसंडणारी विहीर चैत्रात तळ गाठते. हे भूमीचे. पण पिकलेल्या भातातला मोठा वाटा खोत नेई, तो भूमीचा नियम नव्हता. त्याविरुद्ध १९३३ पासून अलिबागजवळ चरी परिसरातील शेतकऱ्यांनी काही वर्षे शेते पडीक ठेवून संप केला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोतीविरुद्ध विधेयक मांडले. खोती कायद्याने संपली, ती स्वातंत्र्यानंतर. तोवर कोकणातील असंख्य घरांतील कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत किंवा पलटणीत होता.

२३/
आणि सावित्रीच्या काठी महाड. पावसाने न्हाऊन निघणाऱ्या या गावातले चवदार तळे अस्पृश्य मानलेल्यांना बंद होते. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर आणि हजारो सत्याग्रहींनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. हा तहानेचा प्रश्न नव्हता, माणुसकीचा होता. पूर्वेला कावेरीच्या भरल्या शिवारात, तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी येथे, मजुरीवाढीच्या झगड्यातून २५ डिसेंबर १९६८ ला ४४ दलितांना झोपडीत जाळून मारण्यात आले. एका किनाऱ्यावर पाण्याची विपुलता, दुसऱ्यावर धान्याची. दोन्हीकडे कोणाला काय मिळावे, हे निसर्गाने ठरवले नव्हते.

२४/
विसाव्या शतकात तर माणसाने पाणलोटाची रेषाच ओलांडली. कृष्णेची उपनदी कोयना हिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेला सोडले जाते. ते वीज निर्माण करते आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला जाते. जे पाणी आंध्रच्या भाताला मिळाले असते, त्याने महाराष्ट्रात दिवे लागले. १९६९ मध्ये नेमलेल्या कृष्णा पाणीतंटा लवादाने असे किती पाणी पश्चिमेला वळवावे, यावरही मर्यादा घातली. दोन किनाऱ्यांमधला जुना वाद आता न्यायासनापुढे मोजमापात मांडला जातो.

२५/
भूमी प्रश्न घालते. उत्तरे माणसे देतात. खडक आणि खाडी यांतून सिंधुदुर्ग उभा राहिला, तसाच जंजिराही. गाळातून बृहदीश्वर उभे राहिले आणि बंधाऱ्याअभावी दुष्काळही पडला. म्हणून एखाद्या प्रदेशाला निसर्गतः गरीब किंवा निसर्गतः संपन्न म्हणण्यापूर्वी तेथील पाऊस जितका मोजावा, तितकाच पाणी कोण भरते, पीक कोण नेते आणि बंदर कोणाच्या हाती आहे, हेही पाहावे. पंचगंगेच्या गोमुखात पाणी एकच असते. पुढे वाटा फुटतात.

#कोकण #कोरोमंडल #मराठ्यांचा_इतिहास